डाव्या हातास, सप्रेम नमस्कार

पाकिटावर नाव घालायची वेळ आली तेव्हा पेन अडलं. बाहुल्यांच्या त्या प्रयोगात म्हाताऱ्याची एक बाहुली तिघं मिळून चालवत होते. पत्रिकेत तीन नावं होती, एकाखाली एक, आणि वर फक्त 'बाहुली संचालन' एवढंच. तिघांतलं डोकं कुणी धरलं, पाय कुणी चालवले, डावा हात कुणाचा होता, काही कळायला मार्ग नव्हता. मला पत्र लिहायचं होतं ते डाव्या हाताला. शेवटी तसंच लिहिलं, 'म्हाताऱ्याचा डावा हात चालवणाऱ्या कलावंतास', आणि खाली संस्थेचा पत्ता. पाकीट पेटीत सोडताना वाटलं, हे पोचणार कसं? मग वाटलं, पोचलं तर याच नावानं पोचेल.

बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांना पत्रं लिहायची मला फार जुनी सवय आहे. आजवर नऊ लिहिली. चारांची उत्तरं आली. हे प्रमाण वाईट नाही, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं आठव्या वर्षी लिहिलं, टीव्हीवरच्या एका बाहुलीला. बाहुलीलाच. तिच्यामागे माणूस असतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं. वहीचं मधलं जोडपान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, सोबत खडूंनी काढलेलं तिचं चित्र. सगळ्या पत्रात प्रश्न एकच होता, 'रात्री तुला कुठे झोपवतात?' सात महिन्यांनी एक कार्ड आलं. पुढे तिचा फोटो, मागे 'तुझ्या पत्राबद्दल आभार' आणि तिची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून सबंध नावाखालून नेलेली. ते कार्ड मी कितीतरी दिवस दप्तरात घालून फिरत होते. प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, पण सही होती, आणि त्या वयात सही म्हणजे सगळं आलं.

पुढे बाराव्या की तेराव्या वर्षी, एका दुपारी, मी बोट ओलं करून त्या सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही. छापील होती. राग आला नाही. एवढ्या मुलांना कोण हातानं सह्या करत बसणार? आणि कुणीतरी बसून माझा पत्ता लिहिला होता, तिकीट चिकटवलं होतं, तेही काही कमी नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात शिरली ती शिरलीच. बाहुलीच्या हातानं सही होत नाही. मग त्या हाताच्या आत जो हात होता, तो कुणाचा? आणि त्याला कुणी पत्र लिहितं का?

तेव्हापासून या आतल्या हातांबद्दल मिळेल ते वाचत आले. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातला बिग बर्ड आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा पक्षी. १९६९ पासून २०१८ पर्यंत तो कॅरोल स्पिनी यांचा होता. शेवटची काही वर्षं आतली अंगमेहनत दुसऱ्याकडे गेली, आवाज मात्र त्यांचाच राहिला. ते काम कसं होतं ते पाहा. उजवा हात डोक्यावर सरळ ताठ उचललेला, पक्ष्याचं डोकं त्या पंजात, करंगळीशी पापण्यांची कळ. डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात कुणाचाच हात नाही. गळाला लावतात तसली बारीक दोरी पक्ष्याच्या मानेखालून ओवून डाव्या मनगटाशी जोडलेली, म्हणजे डावा पंख खाली गेला की उजवा आपोआप वर. आतून बाहेरचं काही दिसत नाही. छातीवर बांधलेला एक छोटा पडदा असतो आणि कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच त्यात दिसतं. तेही आरशासारखं नाही. त्यामुळे नवख्या माणसाला पडद्यावर डावीकडे जायचं असलं की त्याचा हात हमखास उलट्या बाजूला जातो. एखादं मूल धावत येऊन त्या पिसांना बिलगलं, तर आतल्या माणसाला ते बिलगणं दिसायचं त्या पडद्याच्या तुकड्यावर.

हे वाचलं त्या दिवशी मी घड्याळ लावून उजवा हात डोक्यावर धरून उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला दंड थरथरायला लागला. आणि मला बोलायचं नव्हतं, गायचं नव्हतं, कुणाला हसवायचं नव्हतं. त्यानंतर बाहुल्यांचा कुठलाही खेळ पाहताना माझी नजर जरा खाली, जरा मागे, अंधाराकडे जाऊ लागली.

मुलं पत्र लिहिणार ती पक्ष्यालाच. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. उलट आतल्या माणसाचं काम फत्ते झाल्याची ती पावतीच. पण पावती नेहमी दुसऱ्याच्या नावानं फाटते, ही या कलेतली अजब गोष्ट आहे. नट पडदा पडल्यावर रंग पुसतो आणि लोक त्याला ओळखतात. बाहुलीवाला हात बाहेर काढतो, आणि लोक त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवलेल्या बाहुलीला बघायला वाकतात.

टीव्हीवरच्या कर्मिट या बेडकाच्या बाहुलीचं उदाहरण मला फार दिवस छळत होतं. अमेरिकेतल्या जिम हेन्सन या बाहुलीकारानी १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून तो शिवला, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. पुढे पस्तीस वर्षं तो त्यांच्या हातावर बसून बोलला. १९९०च्या मे महिन्यात हेन्सन गेले, वय अवघं ५३. बेडूक राहिला. त्याच्यात स्टीव्ह व्हिटमायरचा हात आला, २०१७ पासून मॅट व्होगलचा. आता समजा, एखाद्या मुलानं १९९०च्या एप्रिलमध्ये कर्मिटला पत्र टाकलं आणि उत्तर यायला वर्ष लागलं. उत्तर आलं ते कुणाचं? मुलाला ते बेडकाचंच वाटणार, आणि त्याच्या बाजूनं ते खरंही आहे. पण ज्या हाताची हालचाल बघून त्यानं पत्र लिहिलं होतं, त्या हाताला ते कधी मिळालंच नाही. म्हणून मी ठरवलं होतं, आपण हाताला लिहायचं, आणि लवकर लिहायचं.

सगळ्याच परंपरांत बाहुलीवाला दडलेला असतो असंही नाही. ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करणारा शब्दभ्रमकार तर उघड समोर बसतो. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांच्या हाती आला, आणि तो आपल्या मालकाला सगळ्यांदेखत उलट बोलतो तेव्हा आपण त्या दोघांकडे आळीपाळीनं बघतो, दोघंही खरे वाटतात. जावामधल्या छायाबाहुल्यांच्या खेळात दालांग नावाचा एकटा माणूस रात्रभर मांडी घालून बसतो, सगळी पात्रं तोच चालवतो, सगळे आवाज तोच काढतो, आणि प्रेक्षकांतले कितीतरी जण सावल्यांची बाजू सोडून मुद्दाम त्याच्या बाजूला येऊन बसतात. मला ती माणसं आपल्या गोतावळ्यातली वाटतात. आपल्याकडे कळसूत्री बाहुलीला जुन्या मराठीत साइखडं म्हणत, आणि सूत्र धरणारा तो सूत्रधार. किती मोठा मान आहे त्या शब्दात! आज मात्र हा शब्द वर्तमानपत्रात बहुतेक वेळा कटकारस्थानाच्या बातमीत दिसतो. मला ते वाचताना प्रत्येक वेळी बोचतं.

पण माझं मन खरं अडकलं ते जपानच्या बुनराकु या बाहुलीनाट्यात. तिथे एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. मुख्य कलावंताचा चेहरा बऱ्याचदा उघडा असतो, बाकीचे दोघं डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. परंपरेनं सांगतात की पायाशी दहा वर्षं, मग डाव्या हाताशी दहा वर्षं, तेव्हा कुठे डोकं हाती येतं. दहा वर्षं डावा हात! तो चालवणाऱ्याच्या स्वतःच्या मनात काय यायचं ते येवो, बाहुलीच्या मनात काय आलंय हे त्यानं मुख्य कलावंताच्या बारीकशा हालचालीवरून ओळखायचं आणि आपला हात तिच्या उजव्या हाताशी असा जुळवायचा की दोन्ही हात एकाच जिवाचे वाटावेत.

आता ज्या प्रयोगामुळे ते पाकीट गेलं त्याबद्दल. टेबलावर मांडलेला छोटासा खेळ होता. म्हाताऱ्याची बाहुली दोनेक फूट उंचीची, तीन संचालक, काळे कपडे, सबंध तासभर एक शब्दही नाही. म्हातारा दिव्याच्या उजेडात पत्र वाचतो, चश्मा काढतो, घडी घालतो आणि डाव्या हातानं चश्म्याची डबी शोधतो. मला तिथेच काहीतरी झालं. हात डबीच्या दिशेनं निघाला, अगदी बरोबर दिशेनं, पण वीतभर अलीकडे टेबलावर टेकला. बोटं जराशी पसरली. लाकूड चाचपलं. मग पुढे सरकली आणि डबीच्या कडेला लागली. लागल्यावरसुद्धा लगेच उचललं नाही, आधी अंगठा कडेवरून फिरला. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचा मामला. लाकडाची बोटं, त्यांना पेरं असतील की नसतील कोण जाणे. पण टेबलाचा थंडपणा त्या बोटांना लागला, हे मी शपथेवर सांगेन.

घोड्यांच्या बाहुल्या करणारे दक्षिण आफ्रिकेतले 'हँडस्प्रिंग' मंडळी श्वासावर फार भर देतात. 'वॉर हॉर्स' नाटकातला त्यांचा घोडा तीन माणसं चालवतात आणि तो नुसता उभा असला तरी त्याची छाती हलत असते. बाहुली श्वास घेते आहे असं एकदा पटलं की प्रेक्षक उरलेलं सगळं स्वतः भरून घेतो. त्या म्हाताऱ्याचा श्वास मला त्याच्या डाव्या पंजात दिसला. हेच मी पत्रात लिहिलं, दीड पान. प्रयोग 'अप्रतिम' होता वगैरे लिहिलं नाही.

कारण एवढ्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळली आहे. 'तुम्ही फार छान करता' या वाक्याला कुणी काय उत्तर देणार? आभार मानून विषय संपतो. पण 'त्या जागी हात का थांबला?' असं विचारलं की समोरचा माणूस जागा होतो. माझ्या नऊ पत्रांतली जी कोरडी गेली, त्यातली तीन अशीच नुसत्या स्तुतीची होती. एक तर सहा पानी होतं, एका बुजुर्ग कलावंताला लिहिलेलं. त्यात मी स्वतःबद्दलच इतकं लिहिलं होतं की वाचून संपवायलाच त्यांची एक संध्याकाळ गेली असती. त्याचं उत्तर आलं नाही याचा मला तेव्हा फार त्रास झाला. आता ते पत्र आठवलं की त्यांच्याविषयी काही वाटत नाही, फक्त ते पुन्हा, छोटं करून, लिहायला मिळावं असं वाटतं. ते राहिले नाहीत.

आणखी एक पथ्य मी पाळते. घरचा पत्ता शोधत बसायचं नाही. कुठून कळला तरी वापरायचा नाही. पत्र संस्थेच्या किंवा नाट्यगृहाच्या पत्त्यावर, आणि आत आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट. परदेशी पत्र पाठवायचं तर आपलं तिकीट तिकडे चालत नाही. त्यासाठी जागतिक टपाल संघटनेनं १९०६ सालच्या रोमच्या अधिवेशनात एक कूपन काढलं होतं. आपण ते इथे विकत घ्यायचो, पत्रात घालायचो, तिकडचा माणूस ते त्यांच्या टपाल कचेरीत देऊन उत्तराचं तिकीट घ्यायचा. मी एकदा ते वापरलंय. कुणातरी अनोळखी माणसाच्या खिशाला उत्तराचा भुर्दंड पडू नये, म्हणून इतक्या देशांनी एकत्र बसून विचार केला, ही गोष्ट मला आजही हलवून जाते.

मग वाट बघणं. पहिला महिना कान दाराकडे असतो. दुसऱ्या महिन्यात आपण हिशेब मांडतो: मंडळी दौऱ्यावर असतील, पत्र कचेरीच्या खणात पडलं असेल, कुणीतरी एकदम गठ्ठा बांधून नेईल. हे हिशेब खोटे नसतात, दौऱ्यावरच्या मंडळींचं टपाल असंच साठत जातं. तिसऱ्या महिन्यात मात्र मी माझंच पत्र मनातल्या मनात दुरुस्त करायला घेते. तो शब्द आगाऊ वाटला असेल का? 'लाकडाची बोटं' लिहायला नको होतं का? खरंच लाकडाची होती का? त्या काळात जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते कळतं. आपण इकडे दोरीच्या एका टोकाला लोंबतो आहोत, आणि दुसरं टोक कुणाच्या बोटाला बांधलंय की नुसतंच खिळ्याला, हे दिसत नाही. सहाव्या महिन्यानंतर सगळं शांत होतं. विसर पडतो असं नाही. पत्र लिहिल्याचाच आनंद हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहतो.

अकराव्या महिन्यात पाकीट आलं. उचललं आणि काळजात चर्र झालं, कारण वर अक्षर माझंच होतं. वाटलं, आपलं पत्र परत आलं, तसा पत्ता लिहिला होता, कोण घेणार! मग ध्यानात आलं की हे आतलं पाकीट आहे, मीच भरून पाठवलेलं. ज्यांनी असं पाकीट पाठवून उत्तराची वाट पाहिली आहे त्यांना हा क्षण माहीत असेल. स्वतःच्या अक्षरातून दुसऱ्याचं पत्र बाहेर येतं. हात बाहुलीत घालून बोलावं, तसंच काहीसं.

आत एकच कागद होता, मागच्या बाजूला तालमींच्या तारखा छापलेल्या. कोपऱ्यात गोंदाचा वाळलेला डाग, आणि त्याला एक काळा धागा चिकटलेला, नखाएवढा. तो धागा मी काढला नाही, अजून तिथेच आहे.

लिहिणारी बाई होती. पत्र आधी डोकं धरणाऱ्यानं वाचलं, मग पायवाल्यानं, आणि दोघांनी ते तिच्याकडे सरकवलं, 'हे तुझं आहे' म्हणून. मग तिनं लिहिलं होतं: 'हात डबीच्या अलीकडे थांबतो ते तुम्हाला दिसलं कसं? समोरून तो दिसतच नाही, मधे दिवा येतो. तालमीतच मला सांगितलं होतं की तिथे काही करू नकोस, दिसणार नाही, सरळ डबी उचल. पण त्यानं नुकताच चश्मा काढलेला असतो. मग तो एकदम डबीपर्यंत पोचेल कसा? म्हणून मी रोज थांबते. तुम्ही कुठे बसला होता?' खाली नाव, आणि सही. मी बोट ओलं केलं नाही.

हे पत्र आलं तेव्हा मी इतकी आनंदात होते की त्याच रात्री उत्तर लिहायला बसले. लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रश्न साधा होता, उत्तर एका ओळीचं होतं, पण आपण लिहिलं की हा सगळा प्रकार संपेल असं वाटायचं, आणि संपवायचा असेल तर सुंदर काहीतरी लिहून संपवावा असंही वाटायचं. शिवाय खरं सांगायचं तर त्या जागेवरून मी त्या दिवशी फार कुरकुर केली होती. उशिरा पोचले, चांगल्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीला चिकटलेली कडेची एक तेवढी उरलेली. टेबल तिरकं दिसत होतं, म्हाताऱ्याचा चेहरा अर्धाच. पहिली दहा मिनिटं मी मनातून धुसफुसत होते.

बघता बघता पाच महिने गेले. पाच! इतकी वर्षं ज्या खणांचे आणि गठ्ठ्यांचे हिशेब मी मांडले होते, त्यात हा एक हिशेब कधीच नव्हता की पत्र टेबलावर समोर असतं, रोज दिसतं, मनापासून आवडलेलं असतं, आणि म्हणूनच त्याला उत्तर जात नाही. त्या सहा पानी पत्राची मला आठवण झाली. आणि मनात येत राहिलं की तिकडे रोज प्रयोगात तो हात वीतभर अलीकडे थांबत असेल, तेव्हा ती अंधारात प्रेक्षकांकडे बघत असेल का, कुठली खुर्ची म्हणून? पण नाही. ती बाहुलीच्या मानेकडेच बघत असणार. तिथून नजर हलली की हात मरतो.

काल रात्री लिहिलं. 'उजवीकडच्या भिंतीलगत, सहावी रांग, शेवटची खुर्ची. तिथून दिवा आड येत नाही.' पुढे एक ओळ, की मला ती जागा नको होती. मग तिचा पुढचा प्रयोग कधी आणि कुठे आहे ते विचारलं, आणि तिकीट लावलेलं रिकामं पाकीट आत घातलं. बाहेरच्या पाकिटावर या वेळी तिचं नाव होतं. ते लिहून झाल्यावर थोडा वेळ तशीच बसले, आणि मग नावाखाली पुन्हा लिहिलं, डावा हात.